ठोके उतरेपर्यंत

पोरी,

पत्र मिळालं. शंभर मैलांच्या दौडीला कधी उतरू, असं विचारतेस. दोन्ही पानं पुन्हा उलटून पाहिली, घोड्याचं नाव कुठेच नाही. म्हणून आधी थोडा रागावतो.

तुझी मांड पक्की आहे, ते मी पाहिलंय. पण या दौडीत मांडीपेक्षा नाडीवरची बोटं महत्त्वाची. वाटेत थांबे असतात, तिथे पशुवैद्य घोडा तपासतात. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४० च्या आसपास असतात. दौडून आल्यावर ते ठरल्या वेळात उतरावे लागतात, बहुतेक ठिकाणी ६४ पर्यंत. पुष्कळ ठिकाणी सक्तीचा विसावा त्यानंतरच मोजायला लागतात. मग शेवटचा किलोमीटर भरधाव येऊन काय मिळालं? तिथे खाली उतर, खोगिराचा तंग (पोटपट्टा) सैल कर आणि त्याच्या बाजूने चालत ये.

पाण्याचं नीट समजून घे. आपल्या घामात रक्तापेक्षा मीठ कमी, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना जास्त खारट. अंगातलं पाणी आटत असतं आणि तहानेचा निरोप मात्र मेंदूपर्यंत पोचतच नाही. बादलीपुढे उभा राहून तो तोंड फिरवतो आणि आपण समजतो, तहान नसेल. क्षार द्यावेच लागतात, पण पाणी न प्यायलेल्या घोड्याच्या तोंडात ते कोंबू नकोस, उलट अपायच होईल.

मी ही चूक केलीय. शेवटचे वीस किलोमीटर उरले होते. घोडा चालत होता, कान ताठ होते. पशुवैद्याने कुशीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. आतडी गप्प होती, पाणी आटून त्यांची हालचाल मंदावली होती. मी हुज्जत घातली, अगदी लाज वाटावी इतकी. त्या रात्री त्याला सलाइन लावलं होतं आणि मी तबेल्यात खाली बसून होतो. घोडा ‘पुरे’ म्हणत नाही गं. त्याच्या वतीने ते आपल्याला म्हणावं लागतं, तेही बहुधा म्हणावंसं वाटत नसतं तेव्हा.

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कपची दौड होते, चोवीस तासांत शंभर मैल. पहिल्याला टेव्हिस कप मिळतो. पण पहिल्या दहांत ज्याचा घोडा सर्वांत सुस्थितीत, त्याला हॅगिन कप. मला विचारशील तर दुसराच हवा.

सध्या चाळीस किलोमीटरच्या पुढे जाऊ नकोस. बहुतेक अंतर दुडक्या चालीने काप. आणि महिनाभर रोज पहाटे, खरारा करण्याआधी, तो उभा असताना नाडी मोज. आकडे वहीत लिहून मला पाठव, मग तारखेचं बोलू.

तुझा,
काका