पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी फुगली तर

प्रश्न : परसात गिरिराज जातीच्या कोंबडीची दीड महिन्याची पिल्ले मोकळी सोडतो. दोन पिल्लांच्या गळ्याखाली कडक गोळा आलाय. दाणा टिपत नाहीत, पेंगत बसतात. शेजारी सांगतात, पाय धरून उलटे टांगा आणि तोंडातून सगळे बाहेर काढा. करू का? (महिला शेतकरी, जुन्नर तालुका)

उत्तर : ताई, उलटे टांगू नका. पिशवीतले आंबलेले पाणी श्वासनळीत गेले तर पिल्लू तुमच्या हातातच गुदमरेल.

आधी दुखणे नेमके कोणते ते ओळखा. कोंबडी टिपलेला दाणा छातीच्या वर, उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठवते. संध्याकाळी ही पिशवी भरलेली असणे चांगलेच. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. म्हणून तपासणी पहाटे, खुराड्याचे दार उघडण्याआधी आणि दाणा टाकण्याआधी करायची. त्या वेळी बोटांना कडक गोळा लागला तर आत चारा अडकला आहे. पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढली आहे. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

तुमच्या वर्णनावरून चारा अडकलेला दिसतो. पिल्लू वेगळ्या खोक्यात, उबेला ठेवा. अर्धा दिवस दाणा बंद करा, पण स्वच्छ कोमट पाणी सतत समोर असू द्या. ड्रॉपरने खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब चोचीच्या कडेने, एकेक करून सोडा आणि प्रत्येक थेंब गिळेपर्यंत थांबा. मग पिल्लू उभे धरून गोळा बोटांनी हलकेच, दोन-तीन मिनिटे चोळा. दिवसातून तीन-चार वेळा असे करा. गोळा मऊ पडला की भिजवलेले मॅश (दळलेले खाद्य) थोडे-थोडे सुरू करा. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच राहिला तर पशुवैद्यकाकडे न्या. ते पिशवीला छेद देऊन आतले काढतात आणि टाके घालतात. घरी ब्लेड लावू नका.

चोच उघडून जिभेखाली जरूर पाहा. कधी कधी सुतळी किंवा नायलॉनचा धागा जिभेला अडकून खाली पिशवीत गेलेला असतो. तो ओढला तर आतडे कापले जाते, म्हणून ते काम डॉक्टरांवर सोडा.

आंबूस वास असेल तर गूळपाणी देऊ नका, गोडाने बुरशी आणखी फोफावते. अशा वेळी बुरशीनाशक औषध लागते आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. मोरचूद पाण्यात अंदाजाने टाकणारे बरेच भेटतात. पिल्लांना तो विषारी ठरतो. अँटिबायोटिकची पुडी सतत पाण्यात मिसळत असाल तर तीही थांबवा, कारण बुरशीला वाव बऱ्याचदा तिनेच मिळतो.

एकाच वेळी पाच-सहा पिल्ले सुस्त झाली, हिरवट पातळ विष्ठा किंवा वाकडी मान दिसली, तर दुखणे पिशवीचे नाही, मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) शंका घ्या. तेल-मालिश करण्यात वेळ न घालवता १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : पिल्लांना दात नसतात, दाणा दळला जातो तो पोटातल्या पेषणीत, खड्यांच्या मदतीने. नुसत्या मॅशवर असेपर्यंत खडे लागत नाहीत. पण कणी, गवत, भाजीचे देठ टिपायला लागली की धुतलेली जाडसर वाळू एका वाटीत कायम ठेवा. शिंपल्यांचा चुरा त्याऐवजी चालत नाही. तो विरघळतो, आणि अंडी न देणाऱ्या पिल्लांना जास्तीचा चुना मूत्रपिंडाला बाधतो. हिरवा चारा बोटाच्या पेरापेक्षा बारीक चिरून द्या. लांब वाळलेले गवत आणि पोत्यांच्या सुतळ्या परसातून उचलून टाका. नवी पिल्ले आणाल तेव्हा पहिले काही दिवस भाताच्या तुसावर कागद अंथरा, नाहीतर ती तूसच टिपून पोट भरतात.