अकरा तासांचा प्रवास आणि "एका दिवसाचं काय एवढं"

प्रिय मैत्रीण,

पत्र वाचलं तुझं. सुट्टीतला एक अख्खा दिवस गाडीत, मॅपवर अकरा तास दाखवतंय, चालवणारा नवरा एकटाच, मागे गाडी लागणारा सात वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मागच्या वेळी वाटेत बाथरूमची पंचाईत नको म्हणून तू दिवसभर पाणीच प्यायली नाहीस, पोचेपर्यंत डोकं फुटायची वेळ आली, आणि नवरा म्हणाला तुझ्यामुळे सगळ्यांचा मूड गेला. आता परत तसाच प्रवास ठरतोय, तो म्हणतो "एका दिवसाचं काय एवढं", आणि तू विचारतेस की तोंड वाकडं न करता हा दिवस कसा सहन करू.

अगं, सहन तर तू मागच्या वेळीही केलंस की! तेच नडलं तुला. त्यामुळे तो धडा मी देणार नाही, दिवस आखायचा कसा ते बोलू.

सगळ्यात आधी ते अकरा तास. युरोपात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना कायद्यानेच साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांचा ब्रेक घ्यावा लागतो आणि दिवसाला 9 तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर 10. म्हणजे ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांनाही जेवढं चालवू देत नाहीत तेवढं तुझा नवरा सुट्टीत एकटा चालवणार, वर थांबण्याचा वेळ वेगळाच. तेव्हा वाटेत एक रात्र मुक्काम करा, हे माझं पहिलं म्हणणं. नसेलच जमत तर आणखी कुणाला तरी चालवू दे, तुला येत असेल तर तूच घे, आणि आदल्या रात्री पूर्ण झोप झाल्याशिवाय निघू नका. "लवकर पोचू" म्हणून रात्री तीनला उठून निघायचं हे मला मुळीच पटत नाही, पहाटे आणि दुपारी दोन ते चार याच वेळात डोळा लागायची भीती जास्त असते. काच खाली केल्याने किंवा मोठ्याने गाणी लावल्याने झोप जात नाही, गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्यायची, एक कप कॉफी प्यायची आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, कारण कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आता तुझं पाणी. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं हे निघायच्या आधीच ठरवून टाका, कुणाला गरज असो वा नसो. एकदा हे ठरलं की "जरा थांबवता का" असं गाडीभर लोकांसमोर म्हणायची वेळच तुझ्यावर येत नाही, आणि मला वाटतं तुझं खरं दुखणं तेच आहे. मग घोट घोट पाणी पीत राहा. तहानलेलं राहिलं की डोकं दुखणार, आणि लघवी तासन्‌तास रोखून धरायची सवयही चांगली नाही.

हेच थांबे सासूबाईंच्याही कामाचे. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, बसमध्ये, गाडीत, विमानात सगळीकडेच. तसं ते क्वचितच होतं, घाबरू नकोस, पण प्रत्येक थांब्यावर त्यांना चार पावलं चालव, आणि बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायला सांग म्हणजे पोटऱ्या हलत्या राहतात. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. पुढची सीट त्यांना दे, पाय लांब करता येतील.

मुलाचं म्हणशील तर त्याच्या हातात मोबाईल देऊ नकोस. कान सांगतो आपण हलतोय, डोळे स्क्रीनवर खिळलेले ते सांगतात आपण जागेवर आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. मागे अशा जागी बसव की समोरचा लांबचा रस्ता दिसेल, गोष्टी ऐकायला लाव, पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. उलटीचं औषध डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेव, त्यातली बरीचशी निघायच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागतात, मळमळ सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही. आणि पिशव्या, ओले टिश्यू, एक जादा टीशर्ट हे सगळं तुझ्या पायाशी ठेव, डिकीत नको. ऐन वेळी डिकी उघडून बॅगा उपसत बसणं किती वैतागाचं असतं ते तुला माहितीये.

पोचल्यावर त्या संध्याकाळी काहीच ठरवू नका. ज्याला फिरायचंय त्याने जावं, ज्याला आडवं व्हायचंय त्याने खुशाल व्हावं.

राहिला नवरा. "तुझ्यामुळे मूड गेला" हे त्याने बोलायला नको होतं, दिवसभर गाडी चालवून तोही दमला असेल हे खरं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. ते तुला लागलं हे त्याला सांग, मात्र गाडीत नको, घरी निवांत बसला असेल तेव्हा. म्हण, "मला यायचंय, पण मागच्यासारखं नाही, वाटेत मुक्काम करू आणि दर दोन तासांनी थांबू." एवढंच, मागचे सगळे हिशोब काढू नकोस. पण बुकिंग व्हायच्या आत बोल हं, आणि काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
ताई