बेसबॉलमध्ये करार संपायला दोन-तीन महिनेच उरलेल्या खेळाडूसाठी आपला उगवता खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकणं शहाणपणाचं असतं का?

हो, पण त्याच हंगामात विजेतेपद खरोखर हाताशी आलेलं असेल तरच. तरुण खेळाडू मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत) आल्यावर साधारण सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात राहतो, तेही पहिली काही वर्षं तुलनेने स्वस्तात. त्याला दिलं की ही सगळी वर्षं गेली.

जुने निकाल पाहिले तर दोन्ही टोकं दिसतात. २०१६च्या जुलैमध्ये शिकागो कब्ज संघाने क्लोजर (सामन्याच्या शेवटी आघाडी राखायला येणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) अरोल्डिस चॅपमनसाठी तरुण ग्लेबर टोरेससकट चौघे न्यूयॉर्क यांकीज संघाला दिले. चॅपमनचा करार हंगामाअखेर संपणार हे उघड होतं, आणि डिसेंबरात तो परत यांकीजकडेच गेला! टोरेसने २०१९मध्ये ३८ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. तरी कब्जचा सौदा मला योग्यच वाटतो, कारण १९०८नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) त्यांनी त्याच वर्षी जिंकली.

उलट १९८७मध्ये डेट्रॉईट टायगर्सने ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर याच्यासाठी २० वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाच्या संघाला दिला. अलेक्झांडरच्या नावावर ९ विजय लागले, पराभव एकही नाही. टायगर्सने गटही जिंकला. पण पुढच्या फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-१ने गुंडाळलं, आणि त्यात अलेक्झांडर स्वतः खेळलेले दोन्ही सामने हरला. स्मोल्ट्झ मात्र पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत) पोहोचला.

एक लक्षात घ्या: स्मोल्ट्झच्या चेंडूंना तेव्हा मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्तरावर) चक्क मार बसत होता, आणि असे बहुतेक पोरगे वर पोहोचतच नाहीत. त्यामुळे सौदा जोखायचा तो त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून.