युद्धात जखमी झालेल्या माजी सैनिकांना सुतारकाम शिकवायला स्वयंसेवक म्हणून जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की सुतारकाम तुम्हाला चांगलं येतं, पण अपंगत्व आलेल्या माणसाला कधी शिकवलेलं नाही. सुरुवात कुठून करायची, कशाची काळजी घ्यायची आणि त्यांनी केलेल्या वस्तू विकायला ठेवाव्यात का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी नऊ वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी हेच काम करतो आहे, तेव्हा माझ्या हातून झालेल्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

पहिल्याच वर्षी एक गृहस्थ आले. उजवा हात कोपराच्या खाली गेलेला, आणि ते मूळचे उजखोरे. डाव्या हाताने रंधा, म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार, ढकलत होते. फळी बेंचवर सरकत होती, रंधा मध्येच अडकून उडत होता, ढलपीऐवजी नुसता चुरा पडत होता. पंधरा मिनिटं पाहिलं आणि मला राहवलं नाही. "थांबा, मी दाखवतो" म्हणत त्यांच्या हातातून रंधा घेतला आणि चार फेऱ्यांत फळी साफ करून दिली. त्यांनी फळीवरून हात फिरवला, "छान झाली" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. पुढचे दोन आठवडे आले नाहीत. त्यांच्या शेजारच्या बेंचवरचा एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, त्यांना दिवसभर सगळे सगळं करूनच देतात. शर्टाची बटणंसुद्धा. इथे तरी नको."

ते परत आले तेव्हा मी रंध्याला हात लावला नाही, फळीकडे बघितलं. खोट तिथेच होती. आपण दोन हातांची माणसं फळी किती प्रकारे धरतो हे आपल्यालाच कळत नाही. एक हात दाबतो, मांडी टेकू देते, पोटाने रेटा लागतो. त्यांची फळी कोणीच धरलेली नव्हती. बेंचवर पुढे एक पातळ पट्टी ठोकली, बाजूला काटकोनात दुसरी. फळी त्या कोपऱ्यात जाऊन बसली की ढकलताना आपोआप आवळली जाते. पात्याला नव्याने धार लावली आणि ते केसभर आत घेतलं. उजव्या हाताचा उरलेला भाग रंध्याच्या पुढच्या मुठीवर टेकवून दाब द्यायची युक्ती त्यांची स्वतःची. तसा दाब चालेल का, हे त्यांच्या थेरपिस्टना विचारून मग मुठीला जाड मऊ कापड गुंडाळलं. त्या दिवशी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी ढलपी निघाली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, मग रंधा उलटा करून पात्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून पातळ निघेल."

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: सुरुवात लाकूड धरण्यापासून करा. हत्यार त्यांच्याच हातात राहू द्या आणि तुमची सगळी अक्कल लाकूड आवळून धरणारे शिकंजे, पट्ट्या, खाचा आणि टेकू यांत घाला. काही दाखवायचंच असेल तर स्वतःची वेगळी फळी आणि स्वतःचा रंधा घेऊन शेजारच्या बेंचवर दाखवा.

एका हाताने काम करणाऱ्यासाठी रंधा आडवा, कुशीवर ठेवून फळीच्या कडेने चालवायची जी पाटी असते, ती फार उपयोगी पडते. फळी टेकूला लागून स्थिर राहते, रंधा पाटीच्या कडेला धरून सरळ धावतो आणि कड काटकोनात येते. चाकाच्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्याची अडचण निराळी. रंधा ढकलायची ताकद खरं तर पायांतून येते. खुर्चीवरून ढकललं की ब्रेक लावलेला असूनही खुर्ची मागे सरकायला बघते. तिथे ओढून चालणारी हत्यारं द्या. जपानी करवत आणि जपानी रंधा दोन्ही आपल्याकडे ओढताना कापतात, त्यामुळे माणूस बेंचकडे खेचला जातो, लांब फेकला जात नाही. करवतीचं पातंही पातळ असतं, जोर कमी लागतो. बेंचच्या खालची कपाटं आणि फळ्या काढून टाका. गुडघ्यांसाठी निदान ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा हवी, नाहीतर माणूस तिरका बसून हात लांब करून काम करतो आणि तासाभरात त्याचा खांदा भरून येतो. खुर्ची चालवायलाही तेच खांदे लागतात, हे विसरू नका.

दृष्टी गेलेल्या माणसाला सुतारकाम कसं शिकवणार, असं मला पुष्कळजण विचारतात. पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने आखा, एवढ्यात अर्धं काम होतं. सुरीची रेघ नखाला लागते. पटाशी (लाकूड कोरायची सपाट धारेची छिन्नी) त्या रेघेवरून हलकेच ओढली की टक्कन तिच्यात पडते आणि मग हातोडीचा ठोका बरोबर तिथेच बसतो. डोळस सुतारही नेमकं काम करायचं असेल तर सुरीनेच आखतो, त्यामुळे यात कमीपणाची तडजोड काही नाही. माझ्या वर्गातला एकजण लाकडाच्या रेषांची दिशा अंगठ्याने ओळखतो. रंधा कोणत्या बाजूने चालवायचा हे मी डोळ्यांनी ठरवेपर्यंत त्याचं ठरलेलं असतं.

यातलं पुष्कळसं शंभर वर्षांपूर्वी लोकांनी शोधून ठेवलं आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, आर्थर पिअर्सन या वृत्तपत्रमालकाने लंडनमध्ये दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स सुरू केलं. ते स्वतः काचबिंदूने अंध झालेले होते. तिथे ब्रेल, टायपिंग, टोपल्या विणणं, जोडे दुरुस्ती यांच्याबरोबर सुतारकामही शिकवत. अंध माणसाला शिकवायला शक्यतो अंध शिक्षक असावा, यावर पिअर्सन यांचा भर होता. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचे वास्तुविशारद होते. आधी क्षयरोग, मग हिमदंशाने गँगरीन होऊन पायाचा भाग काढावा लागला, त्यात डाव्या बाजूला लकवा. सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला सावरलं आणि १९१४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी इतरांना तसंच उभं करण्यासाठी घर उघडलं. अमेरिकेतली ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे हाताला काम देऊन माणसाला सावरण्याच्या उपचाराची, पहिली राष्ट्रीय संस्था मार्च १९१७ मध्ये त्याच घरात स्थापन झाली. त्याच १९१७ साली मुंबईत अपंग भारतीय सैनिकांना हातचे धंदे शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, ते पुढे खडकीला गेलं. पिअर्सन यांचा तो शिक्षकांबद्दलचा आग्रह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या वर्गात आता नव्या माणसाला पहिले दोन आठवडे शक्यतो जुना विद्यार्थीच शिकवतो. एका हाताने गुण्या (काटकोन तपासायचं साधन) कसा धरायचा हे मी सांगणं आणि एक हात असलेल्याने सांगणं यात फार फरक पडतो.

आता काळजीबद्दल. तुम्हाला कारखान्यातले सुरक्षेचे नियम माहीतच असतील, ते पुन्हा सांगत नाही. इथे वेगळं काय, तेवढं सांगतो.

ज्याचा हात गेलेला आहे त्याच्या शर्टाची मोकळी बाही लोंबत असते. लेथ (लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार द्यायचं यंत्र) सुरू करण्याआधी ती दुमडून पिनने पक्की करा. हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला सांगितला जातो. फिरणाऱ्या यंत्रापाशी हातमोजे घालायचे नाहीत, हेही त्यातलंच.

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाच्या मांडीवर पटाशी पडली तर त्याला कळत नाही. गरम ग्लू गन मांडीवर टेकली, भाजलं, तरी कळत नाही. रक्त दिसलं की मगच समजतं. म्हणून मांडीवर जाड चामड्याचा एप्रन हवाच आणि मांडीवर हत्यार ठेवायचं नाही म्हणजे नाही. शिवाय एकाच जागी बसून राहिल्याने त्यांना दाबामुळे जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. काम रंगात आलं की माणूस बूड हलवायचं विसरतो. आम्ही दर वीस मिनिटांनी घंटा वाजवतो, ती सगळ्यांसाठी. सगळे थांबतात, खुर्चीवरचे हातांवर जोर देऊन अंग उचलतात, बाकीचे भुसा झाडतात. एकट्यासाठी वाजवली असती तर त्याने ती बंद करायला लावली असती.

स्फोटात डोक्याला मार बसलेल्या काहीजणांना नंतर फिट्स येतात. वेदनेची काही औषधं झोप आणतात. त्यामुळे यंत्रावर कोण बसेल हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही, आणि आजचा दिवस बरा नसेल तर न लाजता यंत्र सोडून हाताच्या हत्यारांचं काम घ्यायची मोकळीक हवी. अशाच मारामुळे काहींना तीन पायऱ्यांचं काम सांगितलं की तिसरी राहत नाही. त्यांना तोंडी सांगू नका. प्रत्येक पायरीवर अर्धवट झालेला एकेक नमुना क्रमाने फळीवर मांडून ठेवा, ते बघून करतात. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, माझ्या वर्गात नाहीच, कारण तिचा लाकूड मागे फेकायचा धक्का एका हाताने सावरत नाही. बँड सॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीवर, लाकूड खाली टेबलावर दाबलं जातं, ती बरी. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत १९९५ पासून आहे, तेव्हा धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क यांत काटकसर करू नका.

आवाजाचं मात्र नीट समजून घ्या. एकदा माझ्या हातून लोखंडी शिकंजा फरशीवर पडला. खोलीतली चार माणसं एका क्षणात खाली वाकली आणि त्यातला एक तासभर कापत होता. तेव्हापासून फरशीवर रबराच्या चटया आहेत आणि यंत्र लावण्याआधी मोठ्याने "चालू करतोय" असं सांगितलं जातं. ज्याला पाठ भिंतीकडे हवी, दार समोर हवं, त्याला तीच जागा मिळते, कारण विचारत नाही. कान पूर्ण बंद करणारे मफ काहींना सोसत नाहीत, मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही म्हणून. अशांना हाताच्या हत्यारांवरच ठेवा. पाठीमागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका.

काय झालं, कुठे झालं, हे विचारू नका. पॉलिश पेपर घासता घासता कधीतरी कोणी आपणहून सांगतो, बहुधा लाकडाकडे बघत. तेव्हा तुम्हीही घासत राहा. आणि कोणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर ते स्वतःपाशी ठेवू नका. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या समुपदेशकाला त्याच दिवशी, त्या माणसाला सांगून, कळवा. आपण सुतार आहोत, आणि तिथे आपलं सुतारकाम पुरत नाही.

पहिली वस्तू कोणती घ्यायची? पुष्कळ ठिकाणी लेथवर लाकडी पेन करवून घेतात. एका बैठकीत पूर्ण होतं, हातात घेऊन घरी जाता येतं, पहिल्या दिवसाला चांगलं आहे. पण दहावं पेन झालं की माणूस कंटाळतो आणि ते बरोबरही आहे. मी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून झाकणाची पेटी घेतो. पेटीत सगळं येतं: काटकोन, सांधा, बिजागरी, आणि झाकण बसतं की नाही याचा निकाल लाकूडच देतं. झाकण हलत असेल तर मी "चालेल" म्हणत नाही. सुरुवातीला मला हे कठोर वाटायचं. पण "तुमच्या मानाने छान आहे" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की सांध्यात फट आहे असं स्पष्ट सांगणारा माणूस त्यांना बरा वाटतो.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वस्तू जरूर विका, पैसे ज्याचे त्याला द्या. मात्र जी वस्तू कोणी केली हे न सांगताही कोणी विकत घेईल, तीच विकायला ठेवा. एका प्रदर्शनात आयोजकांनी आमच्या टेबलावर पाटी ठेवली होती, "आपल्या शूर जखमी वीरांनी बनवलेल्या वस्तू". ज्यांच्या हातून मी रंधा घेतला होता तेच गृहस्थ त्या दिवशी टेबलावर बसले होते. त्यांनी ती पाटी उलटी करून मागच्या बाजूला लाकडाचं नाव, पेटीचं माप आणि किंमत लिहिली. दुपारी एका बाईंनी पेटी उचलली, झाकण दोनदा उघडून मिटलं आणि विचारलं, "पावसाळ्यात फुगून घट्ट तर नाही ना होणार?" पुढची दहा मिनिटं ते दोघं फळीच्या रेषा, ओल आणि झाकणाभोवती सोडलेल्या कागदाएवढ्या फटीबद्दल बोलत होते. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेट्या पुसत होतो.