पहाटेचा अलार्म आधी बंद कर

पहाटे जाग आली पण हलताच येईना, छाती दाबली गेली आणि दाराशी माणूस दिसला, हा तुझा मेसेज वाचला, आणि पहिलं हेच सांगते की तुला काही झालेलं नाहीये, बाधाबिधा तर अजिबात नाही, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, मेंदू स्वतःच हातापायांचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पलंगावरून पळत सुटलो असतो. चालू राहतात ते डोळे आणि श्वासाचा पडदा. ल्युसिड ड्रीमसाठी, म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ हे स्वप्नातच कळावं म्हणून, तू पहाटे उठतेस, परत उताणी पडून न हलता जागं राहायचा प्रयत्न करतेस, मग जाग येते पण स्नायूंचं कुलूप तसंच राहतं, आणि स्वप्न अजून पुरतं संपलेलं नसतं म्हणून दाराशी माणूस उभा दिसतो. छाती दाबल्यासारखी वाटते कारण मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर घेता येत नाही, पण श्वास चालूच असतो गं.

पुन्हा झालं तर उठायची झटापट नको, त्याने भीती वाढते. श्वास हळू सोड, डोळे इकडेतिकडे फिरव, पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न कर. बहुतेक वेळा काही सेकंदांत किंवा दोन-चार मिनिटांत सुटतं.

आणि ‘पॅरालिसिस सोसलं की मगच ल्युसिड ड्रीम’ असं जे रील्समध्ये सांगतात ना, ते डोक्यातून काढ. 1975 मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्लीने स्वप्नातूनच ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली, डोळेच का तर बाकी शरीर बंद होतं म्हणून! म्हणजे ते कुलूप रेममधल्या स्वप्नांत असतंच, जागेपणी ते अनुभवायची काहीच गरज नाही. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्जने जी माइल्ड पद्धत मांडली ती तुला जास्त मानवेल असं मला वाटतं, स्वप्नातून आपोआप जाग आली की ते नीट आठवायचं, ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे’ असं मनाशी घोकायचं आणि कुशीवर वळून झोपून जायचं.

सध्या मात्र तेही थांबव. परीक्षेची जागरणं आणि वर हा अलार्म, अशी झोपमोड झाली की हे प्रकार वाढतातच. काही दिवस पोटभर झोप. आणि दिवसा अचानक झोप कोसळत असेल किंवा जोरात हसताना गुडघे ढिले पडत असतील तर ते मला लगेच कळव, मग झोपेच्या डॉक्टरांकडेच जायला हवं, ते नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, आहे का ते तपासतील.