बाई, इंग्रजीच्या तासाला काय असतं?

जून जवळ आला की या सदराच्या टपालात इंग्रजीचीच पत्रं जास्त येतात. मी माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, म्हणून संपादकांनी यंदाचा सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झाली. आता आठवीला हायस्कुलात जाईल. आजवर एकच गुरुजी सगळे विषय शिकवायचे. इंग्रजी वाचते, पण अडखळते. हायस्कुलात इंग्रजीचा तास इंग्रजीतच असतो का? आत्तापासूनच क्लास लावू का?
– एक आई, बार्शी तालुका

ताई, आधी ती भीती काढून टाका. मराठी माध्यमाच्या वर्गात साठ-पासष्ट पोरं समोर बसलेली असली की बाईंच्या तोंडी दोन्ही भाषा येतात. ‘ओपन युवर बुक्स’, ‘हू विल रीड?’, ‘कम टू द बोर्ड’ एवढं रोजचं इंग्रजी दिवाळीपर्यंत शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. धड्याचा गाभा मराठीत सांगितला जातो. काही शिक्षक ओळ न् ओळ मराठीत करून देतात, मला ते पटत नाही. पोरं मग मराठी तेवढं ऐकून घेतात आणि इंग्रजी ओळीकडे बघतसुद्धा नाहीत.

बेल झाली की शिक्षक बदलतात, हे तिला पहिले काही दिवस चमत्कारिक वाटेल. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं वह्या गोळा करण्यात जातात, खोटं कशाला सांगू. मग बाई उतारा एकदा मोठ्यानं वाचतात, तोच मुलांकडून वाचून घेतात, फळ्याच्या कडेला रेघ मारून नवे शब्द लिहितात आणि प्रश्नांवर येतात.

खरी चढण या प्रश्नांत आहे. आजवर तिला बहुतेक ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’ असले प्रश्न आले असतील. त्यांचं उत्तर धड्यातल्या एका ओळीत असतं, ते उचलून वहीत लिहिलं की झालं. आठवीपासून ‘व्हाय’ आणि ‘व्हॉट वुड यू डू’ यांचा जोर वाढतो. समजा, धड्यात एक मुलगी पाणी आणायला जाते, वाटेत तिच्या हातून घागर फुटते आणि ती घरी काहीच बोलत नाही. ‘हू ब्रोक द पॉट?’ म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. ‘व्हाय डिड शी नॉट टेल हर मदर?’ म्हटलं की पंख्याचा आवाज ऐकू येतो. बऱ्याच वेळानं एखादी उठते आणि म्हणते, ‘बिकॉज मदर बीटिंग.’ व्याकरण पार मोडलेलं आहे, पण उत्तर तिचं आहे. मी तेच वाक्य फळ्यावर घेते आणि वर्गाकडून दुरुस्त करून घेते: ‘बिकॉज हर मदर वुड बीट हर.’ तुमच्या लेकीकडून पुढची तीन वर्षं हेच मागितलं जाणार आहे. वाक्य तिचं स्वतःचं हवं, मग मोडकंतोडकं का असेना.

अडखळण्याबद्दल सांगते. आठवीतल्या निम्म्या पुस्तकांत इंग्रजी ओळींच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिलेले असतात. काही शिक्षक ते बघून चिडतात. मी पहिल्या सत्रात चालवून घेते, कारण त्या आधारानं पोर उभं राहून वाचतं तरी. दुसऱ्या सत्रात मात्र खोडरबर काढायला लावते.

क्लास आत्ता नको. रात्री जेवणं झाल्यावर तिला दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही, ती कुठे थांबते ते कानाला कळतंच. त्या शब्दाखाली रेघ मारून दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला सांगा. पुस्तक मिळायला उशीर झाला तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट आहे, मोबाइलवर उघडते.

आणखी एक, हे बऱ्याच पालकांना अजून ठाऊक नाही. आठवीपर्यंत सरसकट वर ढकलतात ही समजूत आता जुनी झाली. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर पुनर्परीक्षा होते आणि तीही नाही जमली तर मूल त्याच वर्गात बसू शकतं.

मी नववीत आहे. तासाला उभं राहून वाचताना ‘वॉक्ड’ला ‘वॉकेड’ म्हणालो, तेव्हापासून मागची मुलं मला त्याच नावानं हाक मारतात. इंग्रजीच्या तासाला पोटात गोळा येतो. तोंडी परीक्षेत काय विचारतात?
– एक विद्यार्थी, फलटण

अरे, जे हसतात त्यांना ‘जम्प्ड’ वाचायला सांग, म्हणजे कळेल. याचा नियम सोपा आहे आणि तो वर्गात फारसा कुणी सांगत नाही. भूतकाळाचं ते शेपूट तीन तऱ्हांनी उच्चारतात. ‘वॉक्ड’, ‘वॉश्ड’मध्ये शेवटी ‘ट’सारखा आवाज येतो. ‘प्लेड’, ‘कॉल्ड’मध्ये ‘ड’ येतो. मूळ क्रियापदच ‘ट’ किंवा ‘ड’च्या आवाजावर संपत असेल तरच जास्तीचं ‘इड’ लागतं, जसं ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’. तू सगळ्यांना तिसरा नियम लावलास एवढंच. धड्यातली अशी दहा क्रियापदं काढून तीन रकान्यांत लिही आणि शेजारच्या मित्राला वाचून दाखव.

तोंडीची धास्ती विनाकारण आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात आणि ते तुझ्याच शाळेत तुझेच शिक्षक देतात. बोलणं आणि ऐकून समजणं दोन्ही बघतात. मी काय विचारते ते सांगते: स्वतःची ओळख, एखादं चित्र दाखवून त्याच्यावर चार-पाच वाक्यं, पाठ असलेलं एखादं कडवं. शिवाय मी एक छोटा उतारा वाचते आणि त्यावर प्रश्न विचारते. या शेवटच्या भागात हुशार पोरंही घसरतात, कारण ती ऐकता ऐकता मनात मराठी करत बसतात आणि पुढचं वाक्य निसटतं. ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक अमुक’ अशी सुरुवात करू नकोस. सरळ ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हण. आणि वाक्य अडलं तर ‘सॉरी, आय विल ट्राय अगेन’ म्हणून पुन्हा सुरू कर. माझ्यासारख्या बाई असतील तर यालाच गुण देतील.

हाक मारण्याचं मात्र तुझ्या बाईंच्या कानावर घाल, तेही तास संपल्यावर एकट्यानं.

मुलगा सेमी इंग्रजीला आहे. जावेचा मुलगा इंग्रजी माध्यमात, तिच्याकडे ‘कुमारभारती’ आहे आणि आमच्याकडे दुसरंच पुस्तक. शाळेनं चुकीचं पुस्तक दिलं का?
– एक पालक, इचलकरंजी

नाही. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, इंग्रजी हा विषय मात्र मराठी माध्यमाचाच राहतो. म्हणून नववी-दहावीला ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. ‘इंग्लिश कुमारभारती’ इंग्रजी माध्यमाच्या मुलांची, त्यांची ती प्रथम भाषा. दोघांच्या प्रश्नपत्रिकाही वेगळ्या निघतात. जावेकडून गाईड मागून आणू नका.

मुलगा दहावीत गेला. नववीला गाईडमधली सगळी प्रश्नोत्तरं घोकली होती, तरी इंग्रजीत काठावर पास. कुठे कमी पडतोय?
– एक वडील, पंढरपूर

दादा, तो कमी पडत नाही, तो नको तिथे राबतोय. तुमच्या वेळी धड्याखालचे प्रश्न पेपरात यायचे, पाठ केलं की उतरवता यायचं. आता कृतिपत्रिका असते. लेखी ८० गुणांची, वेळ ३ तास. त्यात पुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २० गुण आहेत आणि ते उतारे पेपरातच छापून येतात. प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती: चूक की बरोबर, जाळं किंवा तक्ता पूर्ण करा, शब्द शोधा, व्याकरणाचं एखादं, आणि शेवटी ‘तुला काय वाटतं’. समोर छापलेलं पाठ करून काय उपयोग? पाचवी कृती तर गाईडमध्ये असूच शकत नाही. असली तरी तपासणाऱ्याच्या हाताखालून तेच ठरीव उत्तर शंभरदा गेलेलं असतं.

बाकीचं असं: सुरुवातीचा भाषाभ्यास १० गुणांचा. त्यात अक्षरं जुळवून शब्द करा, शब्दसाखळी पूर्ण करा, विरामचिन्हं द्या, चूक शोधा असली कामं असतात. हे पोरांना खेळासारखं वाटतं आणि गुण सहज मिळतात. कवितेला १०. पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश मिळून १५. पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून परिच्छेद, बातमी किंवा गोष्ट या लेखनाला २०. शेवटी भाषांतर ५.

म्हणजे घोकून मिळतील असे गुण जवळजवळ उरलेलेच नाहीत, एक अपवाद सोडून, तो म्हणजे कवितेचं रसग्रहण. तिथे ५ गुण मुद्द्यांना बांधलेले आहेत: शीर्षकाला अर्धा, कवीच्या नावाला अर्धा, यमकरचनेला एक, एका अलंकाराला एक, मध्यवर्ती कल्पनेला दोन. यमकरचना काढताना ओळींचे फक्त शेवटचे शब्द बघायचे. पहिल्या दोन जुळल्या, पुढच्या दोन जुळल्या, तर ‘एएबीबी’. एक सोडून एक जुळत असतील तर ‘एबीएबी’. कवितेचा अर्थ डोक्यावरून गेला तरी यातले तीन गुण हातचे आहेत. मध्यवर्ती कल्पना मात्र दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत.

सारांशाला मुलं उताऱ्यातली पहिली तीन वाक्यं उतरवतात आणि खाली रेघ मारतात. मी वर्गात असं करते: उतारा दोनदा वाचून घ्यायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि शेजाऱ्याला मराठीत सांगायचं काय होतं ते. जे सांगितलं जातं तोच सारांश, मग तो इंग्रजीत लिहायचा. मराठी मध्ये आणल्याबद्दल मला बोल लावणारे आहेत, पण पोरांचे सारांश सुधारले. आणि पत्रात त्यानं स्वतःचं नाव-गाव लिहायचं नाही, प्रश्नात दिलेलंच वापरायचं. घाईत दरवर्षी कुणीतरी खरी सही ठोकून येतं.

अंतर्गत गुणांना हलकं समजू नका. २०१९च्या मार्चमध्ये भाषांचे तोंडीचे गुण काढून सगळं लेखीवर टाकलं होतं, दहावीचा अभ्यासक्रमही तेव्हा नवीन होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. त्याच वर्षी २० गुण परत आणले. ‘तोंडीचे गुण फुकटचे’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बोलायला लावलं नाही तर मराठी माध्यमाचं पोर दहावीपर्यंत वर्गात इंग्रजीत तोंड उघडत नाही.

गाईड जाळा असं म्हणत नाही. त्यातले पुस्तकाबाहेरचे उतारे सरावाला चांगले असतात. तेवढे सोडवू द्या, उत्तरांची पानं स्टेपल करून टाका.

मी जुन्या अकरावीचा. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, तरी काळ आणि प्रयोग तोंडपाठ. नात पहिलीपासून शिकतेय, आता नववीला आहे, पण ‘पॅसिव्ह करून दाखव’ म्हटलं तर गप्प. तुम्ही लोक व्याकरण शिकवतच नाही का? पत्राचा पत्ताही चुकीच्या बाजूला लिहिते.
– एक आजोबा, कराड

काका, नमस्कार. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हा फार वाद झाला होता, तुम्हाला आठवत असेल. व्याकरण गेलेलं नाही, पण त्याचा वेगळा तास राहिला नाही. ते उताऱ्याच्या पोटात बसवलंय. वाक्य धड्यातलंच देतात आणि त्याचं रूप बदलायला सांगतात. अडचण अशी की काळाचा तक्ता सलग कुणी मांडून दाखवत नाही, पोरांना तुकडे तुकडे मिळतात. इथे मी तुमच्या बाजूची आहे. आठवीला जूनमध्ये मी पुस्तक बाजूला ठेवून बारा काळ फळ्यावर मांडते आणि मगच पहिला धडा उघडते. वरिष्ठांना ते आवडतंच असं नाही.

पण नातीला नुसतं ‘पॅसिव्ह कर’ म्हणू नका. चहा पिताना विचारा, ‘हू मेड द टी?’ मग म्हणा, आता वाक्य ‘द टी’नं सुरू कर. गप्प बसणार नाही. ती चुकली तरी मध्येच तोडू नका, तिचं वाक्य पुरं होऊ द्या.

तुमचं भाषांतरही अजून आहे बरं का, दहावीच्या पेपरात शेवटच्या प्रश्नात ५ गुणांना. शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण मराठीत करायची असते. त्यासाठी तुमच्याइतका चांगला शिक्षक तिला क्लासमध्ये मिळणार नाही.

पत्त्यावरून मात्र तिला रागावू नका. पत्ता, तारीख, मायना, शेवट, सगळं आता डाव्या समासालाच लिहितात. ती बरोबर आहे.