हस्की ऐकतो, पण फुकटात नाही

पोरी,

परवा गोडोलीच्या तळ्यापाशी तुझी जी फरफट झाली ती मी लांबनं बघत होतो. मुद्दामच जवळ आलो नाही, कारण कुत्र्यानं चारचौघांत ओढत नेल्यावर वर कुणीतरी येऊन अक्कल शिकवलेली कुणालाच आवडत नाही. आणि मग रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "काका ह्याला देऊन टाकू का, सगळे म्हणतात हस्की ट्रेनच होत नाही." फोन करणार होतो पण फोनवर तू मधे मधे बोलतेस, म्हणून लिहूनच पाठवतो, सावकाश वाच.

आधी ते "ट्रेनच होत नाही"चं बघू. आमच्या घरी खिल्लार बैल होते. खोंड गाडीला धरायचा म्हणजे आमचे वडील आधी वेसण घालायचे, मग कासरा, मग शेजारी एक मुरलेला म्हातारा बैल, शिवाय एक माणूस पुढं आणि एक मागं. एवढं करून कुठं तो खोंड सरळ चालायचा. आता हस्कीचं बघ. सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात, त्यांनी ही कुत्री स्लेजला, म्हणजे बर्फावरनं घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीला, जुंपायला पैदा केली, हलकं ओझं घेऊन बर्फावरनं लांबच्या लांब पळायला. त्या स्लेजगाडीला कासरा नसतो गं. वेसण नाही, लगाम नाही, हाकणारा मागं उभा आणि पुढं दहा-बारा कुत्री, सगळा कारभार तोंडानं. अलास्कात 'जी' म्हटलं की उजवीकडं आणि 'हॉ' म्हटलं की डावीकडं, अंधार असो नायतर वादळ असो. जी जात पिढ्यानपिढ्या नुसत्या शब्दावर वळली तिला शिकवता येत नाही हे मला कुणी पटवून दाखवावं.

मग तुझा ब्रूनो का ऐकत नाही? तर त्याच स्लेजमध्ये अजून एक गोष्ट आहे. सगळ्यात पुढं जो लीडर कुत्रा असतो त्याला खालचा बर्फ पातळ वाटला तर मागनं मालक कितीबी ओरडू दे, तो पाय टाकत नाही. आणि असं वागतो म्हणूनच त्याला पुढं जुंपतात, नाहीतर गाडीसकट सगळे पाण्यात. म्हणजे ऐकणं आणि न ऐकणं दोन्ही एकाच डोक्यात मुद्दाम ठेवलंय. लॅब्रॅडॉरला बस म्हणालीस की तो आधी बसतो आणि मग बघतो काय मिळतंय. हस्की उभ्या उभ्या तुझ्याकडं बघून विचारतो, का बसू आणि बसून मला काय? लोक ह्याला हट्टी म्हणतात, मी हिशेबी म्हणतो, आणि हिशेबी गिऱ्हाईकाशी व्यवहार करता येतो हे तुला दुकानदाराच्या पोरीला मी काय सांगू.

टोगो नावाच्या हस्कीची गोष्ट तुला माहितेय का? १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस स्लेजवाल्यांनी आळीपाळीनं साडेपाच दिवसांत हजारभर किलोमीटरवरनं औषध पोचवलं. पुतळा झाला बाल्टो नावाच्या दुसऱ्या कुत्र्याचा, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, कारण शेवटच्या टप्प्यात तो होता. पण सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात वाईट टप्पा पळाला टोगो, तेही बारा वर्षांचा असताना. हा टोगो लहानपणी इतका वाह्यात होता की सेपालानं, म्हणजे त्याच्या मालकानं, त्याला कंटाळून दुसऱ्याला पाळायला देऊन टाकला. सहा महिन्याचं पिल्लू ते, बंद खिडकीची काच फोडून बाहेर पडलं आणि कित्येक मैल पळत परत मालकाच्या दारात. आठ महिन्याचा झाल्यावर नाइलाजानं त्याला दोरीला जुंपला तर पहिल्याच दिवशी १२० किलोमीटर पळाला. तुझा ब्रूनो आत्ता आठ महिन्याचाच आहे ना, म्हणून सांगितलं. लगेच त्याला १२० किलोमीटर पळवायला काढू नको, हाडं भरायची आहेत अजून त्याची.

आणि हे वयच वाईट असतं. पाच महिन्यापर्यंत तुझ्या मागं मागं फिरणारं पिल्लू सात-आठ महिन्याला ठार बहिरं होतं, सगळ्याच कुत्र्यांचं होतं, हस्कीचं जरा जास्त. देऊन टाकायचे विचार माणसाला नेमके ह्याच दोन-चार महिन्यांत येतात.

आता कामाचं. परवा मी मोजलं, तू "ब्रूनो ये" एकवीस वेळा म्हणालीस. तिसऱ्या वेळेनंतर तो शब्द राहिलाच नाही, मागं कुठंतरी टीव्ही चालू असावा तसं झालं त्याला. आणि शेवटी तो आला तेव्हा तू काय केलंस? पट्ट्याला धरलंस, दोन शब्द सुनावलेस आणि घरी घेऊन गेलीस. म्हणजे त्याच्या हिशेबात 'ये' म्हणजे मजा संपली, वर बोलणी फुकट. तो पुढच्या वेळी कशाला येईल? मी असतो तरी आलो नसतो.

ह्याच्यावर मी करतो ते असं. दहा मीटरची दोरी, जाड, हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरनं बांधतात त्या पट्ट्याला, मागनं अडकवायची, गळपट्ट्याला नाही, झटका बसला तर मान जाते. तो वास घेत फिरत असतो, तू एकदाच, आनंदानं म्हण, ये. दोन सेकंद थांब. आला नाही तर परत हाक मारायची नाही, उलट्या दिशेला पळत सुट, हस्कीला पळणारी गोष्ट दिसली की पाय आवरत नाहीत. आला की त्याच क्षणी तोंडात उकडलेली कलेजी, हरभऱ्याएवढा तुकडा, आणि त्याच्यापुढची गोष्ट लोक विसरतात, त्याला परत सोडून द्यायचं. "जा." जाऊन वास घेऊ दे. दहा वेळा बोलवलंस तर नऊ वेळा परत सोड. येण्यानं काहीच तोटा होत नाही हे त्याच्या वहीत लिहिलं गेलं पाहिजे. आणि पाच मिनिटांत बंद कर, त्याला अजून पाहिजे असतानाच. हस्की एकच गोष्ट सहाव्यांदा करत नाही, त्याला वाटतं मगाशी केली की, कळलं नाही का हिला. ही बिस्किटं जी तू खिशात घेऊन फिरतेस ना ती कुणालातरी देऊन टाक, कोरड्या बिस्किटासाठी हस्की मांजर सोडून येईल असं तुला वाटतंय का.

बिल्डिंगमधल्या कुणीतरी सांगितलंय म्हणे की खाली दाबून धर, दोन ठेवून दे, म्हणजे मालक कोण ते कळतं. तसलं काही करू नको. मारलेला हस्की एवढंच शिकतो की तुझ्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं, आणि टप्प्याबाहेर राहण्यात त्याच्याएवढा हुशार कुणी नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, ट्रेन होतो म्हणजे मोकळा सोडता येतो असं नाही. माझी झिपरी तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. पुण्याला शिफ्ट होणाऱ्या एका कुटुंबानं माझ्याकडं टाकलेली हस्की. बस, थांब, ये, दारात मी म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायची नाही, जेवणाच्या भांड्यापुढं मी बोलेपर्यंत लाळ गाळत बसायची. वर्षभरात सगळं शिकली आणि मला वाटलं मी लई मोठा ट्रेनर. एका सकाळी यवतेश्वरच्या वर पठारावर दोरी काढली. अर्धा तास छान, हाक मारली की येतेय. मग एका घरामागनं कोंबडी ओरडली. मी हाक मारली तेव्हा तिचा एक कान माझ्याकडं वळला, मला नीट दिसला, म्हणजे ऐकू गेलं होतं, आणि मग तो कान परत पुढं झाला. बास. पावणेदोन तासांनी सापडली, तीन गावठी कोंबड्या गेल्या, त्या म्हातारीला मी पैसे दिले आणि वर चहाही मलाच तिनं पाजला, त्यानं जास्त लाज वाटली. चूक झिपरीची नव्हती. शिकार बघून धावणं तिच्या अंगातलं, दोरी काढणारा मी. त्यानंतर उघड्यावर दोरी काढली नाही, मरेपर्यंत.

ओढण्याचं म्हणशील तर त्यावर जास्त लिहीत नाही, ओढायलाच जन्मलाय तो. दोरी ताठ झाली की झाडासारखं उभं राहायचं, सैल झाली की चालायचं, पहिले आठ दिवस तू पोवई नाक्यापर्यंतसुद्धा पोचणार नाहीस, चालेल. छातीवर हुक असलेलं हार्नेस घे. पण त्याला हक्काचं ओढणंही दे कधीतरी, थंडीत, वर्षभराचा झाल्यावर, मागं एखादा हलका टायर बांधून. २०१४ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या त्या डिसेंबर २०२१पर्यंत बंदच होत्या, त्या काळात दावणीला नुसते उभे राहिलेले शर्यतीचे खोंड मी बघितलेत, दोर तोडायचे, गव्हाण उकरायचे. काम नसलेलं जनावर स्वतःच काम शोधतं. तुझ्या सोफ्याचं जे झालं ते हेच.

ह्या सगळ्यापेक्षा मला काळजी आपल्या उन्हाची आहे. खरं सांगू, तू घ्यायच्या आधी विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४०ला जातो आणि ह्याच्या अंगावर दोन थरांचा कोट. पण आता आणलायस तर निभाव. उन्हाळ्यात फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री जेवणानंतर, डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची, तुला चटका बसला तर त्यालाही बसतो. दुपारी फरशी, पंखा, गोठवलेलं दही. केस भादरायचे नाहीत, कुणी कितीबी सांगू दे, आतली लव ब्रशनं काढायची, वरचे केस उन्हापासून वाचवतात त्याला आणि एकदा भादरले की नीट परत येतीलच असं नाही. जीभ लांब लोंबतेय, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटायला लागले तर मला फोन करायचा नाही, साधं पाणी अंगावर ओतायचं, पंखा लावायचा आणि तसाच डॉक्टरकडं. उन्हात ऐकत नसेल तर तो ट्रेनिंगचा प्रश्नच नसतो, त्याला गरम होत असतं. पावसाळ्यात गोचिड्या बघ रोज, कानामागं आणि बोटांच्या मधे, आणि ओला ठेवू नको, आतली लव वाळत नाही आणि मग खाली कातडं चिघळतं.

तुझी आई म्हणते रात्री रडतो. रडत नाही गं तो, गातो. त्यावर माझ्याकडं उपाय नाही, शेजाऱ्यांना कंदी पेढे नेऊन दे. आणि राखण करेल ही आशा तिला सोडायला सांग, चोर आला तर त्याला तो चपला आणून देईल.

रविवारी सकाळी सहाला 'चार भिंती' स्मारकापाशी ये. देऊन टाकायचं का ते अजून चार महिन्यांनी बोलू. सकाळचं खाणं त्याला देऊ नको, भुकेला आण. कलेजी मी उकडून आणतो, दोरी पण माझ्याकडं आहे. तू जुने हातमोजे घालून ये आणि अंगठी घरी काढून ठेव, दहा मीटर दोरी हातातनं सुटताना बोटाची कातडी घेऊन जाते.

तुझा,
काका